साधारण कारण

भिलाईत राहणाऱ्या माणसाला कार्यकारणभावाचा बारकाईने विचार करण्याची सवय सहसा लागत नाही, आणि याचा बोल त्याच्या बुद्धीपेक्षा त्याच्या क्षितिजाला अधिक लावला पाहिजे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत सरकारशी पोलादाच्या कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दुर्ग जिल्ह्यातील भाताच्या खाचरांत जे एक प्रचंड कारण येऊन बसले, ते तेव्हापासून गावात घडणाऱ्या प्रत्येक कार्याच्या मागे उभे असलेले लोकांना दिसते. झोतभट्टी ही वस्तूच अशी आहे की एकदा पेटली म्हणजे ती वर्षानुवर्षे विझवावयाची नसते; त्यामुळे प्लांट आहे आणि अमुक घडते, याचा अनुभव नित्याचा, पण प्लांट नाही आणि म्हणून अमुक घडत नाही, असे पाहण्याचा योग कोणाच्याही वाट्याला येत नाही. उन्हाळा कडक झाला, प्लांट. दिवे लुकलुकले, प्लांट. सेक्टरातल्या कोणाच्या परसातल्या पेरूला फळ धरले नाही, तरी प्लांटच. आमच्या शेजारचे नाना, ज्यांचे सारे आयुष्य त्याच प्लांटाच्या हजेरीपटावर गेले, त्यांच्या जुन्या मोटारीतला रेडिओ खरखरू लागला तेव्हा त्यांनीही दुसऱ्या कोणाची कैफियत न घेता निकाल देऊन टाकला, की एवढे लोखंड आणि एवढी वीज जवळ असताना दुसरे काय होणार!

या निकालाला नानांनी एक पुरवणी जोडली होती, ती अधिक मनोरंजक होती. त्यांना मोटारीत नागपूर केंद्र लागे. १९४८ साली सुरू झालेले ते केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर बोलते आणि भिलाईपासून सव्वादोनशे किलोमीटरांहूनही दूर असल्यामुळे त्याची मध्यम लहर येथवर येईतो पुष्कळच क्षीण झालेली असते. उलट १९६३ साली स्थापन झालेले रायपूर केंद्र ९८१ किलोहर्ट्झवर अगदी उशाशी गर्जत असते. परिणाम असा की मोटार तीच, रस्ता तोच आणि वेगही तोच असताना रायपूर निर्वेध ऐकू येई आणि नागपूर लावताच खरखर सुरू होई. म्हणजे हिंदीत निमूट चालणारी मोटार मराठीत मात्र कुरकुर करी. १९५६ पर्यंत नागपूर आणि दुर्ग एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती, हे ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना राज्यपुनर्रचनेची ही लांबलेली व्यथा वाटावी, यात नवल नाही. नानांना तशी ती थोडीफार वाटतही असे. वस्तुतः खरखर दोन्ही वेळा तितकीच होती. बलवान आवाजाखाली ती दडपली जाई, एवढेच. शिवाय रेडिओच्या संचात अशी योजना केलेली असते की येणारी लहर दुबळी झाली म्हणजे संच आपली ग्रहणशक्ती आपणहून वाढवतो. आणि दूरच्या अंधुक आवाजासाठी कान जितके टवकारावेत, तितका जवळचा क्षुद्र कोलाहलही त्याच वाटेने अधिक आत शिरतो. ध्यानाला बसणाऱ्यांची जी नेहमीची फिर्याद, की एरवी न जाणवणारे विक्षेप नेमके त्याच वेळी उठतात, तिचा उलगडा याहून निराळा असेल असे मला वाटत नाही. पतंजलीने चित्ताचे जे नऊ अंतराय मोजून ठेवले आहेत, त्यांत व्याधी आहे, आलस्य आहे, संशय आहे, भ्रांतिदर्शन आहे. शेजाऱ्याचा, ग्रहांचा किंवा कारखान्याचा त्यांत उल्लेख नाही.

नानांची मोटार शेवटी पॉवर हाऊस नावाच्या वस्तीच्या बाजूला वायरिंगचे काम करणाऱ्या एका मिस्त्रीकडे गेली. त्या मिस्त्रीला तत्त्वज्ञ ठरवण्याचा माझा मुळीच इरादा नाही. त्याला त्याचे पैसे हवे होते आणि ते त्याने चोख वाजवून घेतले. परंतु त्याच्या तपासाची रीत पाहण्याजोगी होती. त्याने प्रथम रेडिओ चालू ठेवून इंजिन बंद केले. खरखर थांबली. तेवढ्यानेच प्लांट, मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या पंचवीस हजार व्होल्टच्या तारा आणि शेतांतून गेलेले विजेचे मनोरे, हे तिन्ही मोठे आरोपी निर्दोष सुटले. कारण इंजिन थांबले म्हणून त्यांच्यापैकी कोणीही थांबलेले नव्हते. मग त्याने संचाच्या पाठीमागून एरियलची पिन उपसली आणि इंजिन पुन्हा सुरू केले. आता जलद टकटक नाहीशी झाली होती, पण तिच्याखाली दडलेली एक बारीक शिट्टी तशीच राहिली. म्हणजे गुन्हेगार दोन होते, एक हवेतून एरियलच्या दाराने येणारा आणि दुसरा बॅटरीच्या तारेतून थेट आत शिरणारा. पिन परत बसवून त्याने इंजिन भरवेगात नेले, तेव्हा टकटक दाटली आणि शिट्टी चढली; आणि त्या वेगातच किल्ली फिरवून ठिणगी तोडली, तेव्हा टकटक तत्क्षणी गेली, पण शिट्टी मात्र इंजिनाचे फिरणे मंदावत गेले तशी उतरत उतरत विझली. टकटक होती ती प्लगांच्या ठिणगीची. आणि ठिणगी बंद झाल्यावरही क्षणभर फिरत राहणाऱ्या डायनॅमोची ती शिट्टी. न्यायशास्त्रात ज्याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात, म्हणजे हे असता ते असणे आणि हे नसता ते नसणे, त्यांपैकी पहिल्यावर नानांनी निकाल दिला होता, आणि मिस्त्रीने दुसऱ्याखेरीज कशालाही हात लावला नाही.

ठिणगीविषयी एक गोष्ट येथे सांगून टाकावीशी वाटते. आपण जिला खरखर म्हणतो ती रेडिओच्या दृष्टीने खरखर नसतेच. ते एक रीतसर प्रक्षेपण असते. १८८७ साली हर्ट्झने विद्युच्चुंबकीय लहरी प्रथम निर्माण केल्या त्या दोन धातूंमधल्या फटीत ठिणगी पाडूनच, आणि १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी तारेवाचून दूरची घंटा वाजवून दाखवली तेव्हाही उगमस्थानी ठिणगीच होती. आरंभीच्या जहाजांवरील बिनतारी यंत्रे सारी ठिणगीची. मोटारीचा प्रत्येक प्लग हे त्या आद्य यंत्राचे एक अडाणी भावंड आहे. ते इंजिनासाठी पेट्रोल पेटवते आणि त्याच झटक्यात नागपूर केंद्राच्या कंपनसंख्येवरही आपले म्हणणे मांडून मोकळे होते. म्हणून या ठिणगीला मारून टाकण्याचा उपाय कोणी सुचवत नाही, कारण मग मोटारच चालावयाची नाही. मिस्त्रीने प्लगांच्या तारांत रोधक बसवले. डायनॅमोच्या मोठ्या टर्मिनलवर कंडेन्सर लावला, आणि लावताना बजावून सांगितले की हाच कंडेन्सर चुकून शेजारच्या फील्डच्या टर्मिनलवर लागला तर रेग्युलेटरचे पॉइंट जळून जातील. एरियलच्या बुडाखालचा गंज आणि रंग घासून पत्रा उघडा केला. आणि बॉनेट जाळीदार तांब्याच्या पट्टीने बॉडीशी जोडले. या शेवटच्या गोष्टीचे नानांना फार आश्चर्य वाटले. लोखंडी बॉनेट आपणहूनच झाकण होत असेल अशी त्यांची कल्पना. पण बॉडीशी नीट सांधलेले नसेल तर तेच बॉनेट ठिणगीचा आवाज उचलून एरियलकडे पुन्हा फेकू लागते.

एवढे होऊन पावसाळ्यात खरखर पुन्हा आली, आणि नानांनी ताबडतोब ती मेघांच्या नावे मांडली. या वेळी त्यांच्या अनुमानाला वरवर पाहता आधार होता, कारण वीज चमकली की मध्यम लहरीवर कडकडाट होतो हे खरेच आहे. परंतु त्यांना ऐकू येत होती ती सलग, एकसुरी घरघर. नैयायिकांचे एक जुने उदाहरण आहे. धूर असेल तेथे अग्नी असतो, हे खरे. पण अग्नी असेल तेथे धूर असतो, हे खरे नव्हे, कारण तापलेल्या लोहगोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो, आणि भिलाईच्या माणसाला याहून जवळचा दृष्टान्त कोणता द्यावा! धूर नुसत्या अग्नीतून निघत नाही. ओल्या सरपणाचा संयोग झाला तरच निघतो, आणि हे ओले सरपण ज्याने हिशोबात धरले नाही त्याचा हेतू सोपाधिक, म्हणजे सदोष ठरतो. नानांच्या पावसातले ओले सरपण म्हणजे वायपरची मोटर. पाऊस आला की वायपर चालू, वायपर चालू झाला की घरघर. आणि पाऊस व वायपर नेहमी बरोबरच येत असल्यामुळे घरघरीचे कर्तृत्व आकाशाकडे गेले. कोरड्या दिवशी वायपर लावून पाहण्याची कल्पना कोणालाच सुचली नव्हती, कारण कोरड्या दिवशी वायपर लावणे हे शहाण्या माणसाचे लक्षण नव्हे. पुष्कळ अंधश्रद्धा अशाच रीतीने सुरक्षित राहिलेल्या असतात. त्यांची परीक्षा ज्या कृतीने व्हावी, ती कृती करणे हेच समाजात वेडेपणाचे मानले गेलेले असते.

आता मुख्य प्रश्नाकडे यावयाचे. नानांनी प्लांटाला जे स्थान दिले, तेच स्थान आपल्या घरांतून ईश्वराला, प्रारब्धाला आणि ग्रहांना दिलेले असते, आणि ते धार्मिकतेचे लक्षण समजले जाते. मुलगा नापास झाला, देवाची इच्छा. सून आजारी पडली, प्रारब्ध. व्यवहार बुडाला, साडेसाती. या बोलण्याला आधुनिक माणूस हसतो, आणि हसून तो स्वतःला नास्तिक समजू लागतो. मला वाटते, या दोघांनीही नैयायिकांनी केलेली कारणांची वाटणी पाहावयास हवी होती. त्यांच्या मते कारणे दोन जातींची, साधारण आणि असाधारण. ईश्वर, त्याचे ज्ञान, त्याची इच्छा, त्याची कृती, दिक्, काल, अदृष्ट म्हणजे पूर्वकर्माची न दिसणारी शिल्लक, आणि प्रागभाव म्हणजे कार्य होण्यापूर्वीचा त्याचा अभाव, अशी आठ साधारण कारणे त्यांनी मोजली. कित्येकांनी प्रतिबंधकाचा अभाव हे नववेही जोडले. ही सर्व कारणे प्रत्येक कार्याच्या मुळाशी सारखीच हजर असतात. घट झाला तरी आहेत, पट झाला तरी आहेत, खरखर झाली तरी आहेत आणि खरखर थांबली तरीही आहेत. आणि जे सर्वत्र सारखे हजर आहे त्याने ही खरखर का, ती का नाही, याचा उलगडा होऊ शकत नाही. त्यासाठी असाधारण कारणच शोधले पाहिजे, मग ते कुंभाराचा दंड असो की डायनॅमो. ज्यांनी ईश्वराच्या अस्तित्वासाठी आयुष्यभर वाद केले, उदयनाचार्यांनी तर त्यासाठी न्यायकुसुमांजली हा स्वतंत्र ग्रंथच रचला, त्यांच्याच शास्त्राने ईश्वराला काल आणि दिशा यांच्या पंक्तीला बसवून एखाद्या फुटकळ कज्जात साक्षीस ओढण्याची मनाई केली आहे. ही मला नास्तिक्याची पहिली पायरी वाटत नाही. सुनेच्या तापाचे उत्तर ईश्वराकडे मागणे म्हणजे त्याला डासाच्या जागी नेमणे होय, आणि एवढी पदावनती करून वर त्याला फुले वाहावीत, हा प्रकार मला तरी भक्तीचा वाटत नाही.

मात्र याच शास्त्रकारांच्या भावंडांकडून या बाबतीत ढिलाई झाली, हेही लपवण्यात अर्थ नाही. कणादांच्या वैशेषिक सूत्रांत चुंबकाकडे सुई धावते तिचे कारण अदृष्ट असे सांगितले आहे. अग्नीची ज्वाळा वर का जाते आणि वारा आडवा का वाहतो, यांचेही तेच. म्हणजे जे सर्व कार्यांना साधारण म्हणून दूर ठेवावयाचे, तेच येथे एका विशिष्ट सुईच्या विशिष्ट हालचालीसाठी कामास लावले गेले. ज्या प्रकरणांचा तपास लागला नाही, ती अदृष्टाच्या दप्तरी दाखल करून ठेवण्याचा हा शिरस्ता होता, आणि त्या काळी त्यावाचून गत्यंतरही नव्हते. पण दप्तरात दाखल होणे म्हणजे निकाल लागणे नव्हे. त्याच सुईमागचे चुंबकत्व आज मोटारीच्या इग्निशन कॉइलमध्ये बसून बारा व्होल्टांचे हजारो व्होल्ट करते, तेव्हाच नानांच्या प्लगला ठिणगी मिळते आणि नानांच्या रेडिओला खरखर.

येथवर वाट सोपी होती. खरी अडचण दुःखाच्या प्रश्नापाशी उभी राहते, कारण ज्याचे मूल गेले तो मनुष्य कोणत्या जंतूने गेले असे विचारत नसतो; माझेच का, असे तो विचारतो. या प्रश्नाला असाधारण कारणाने उत्तर मिळत नाही. डॉक्टराने रोगाचे नाव सांगितले तरी प्रश्न जागच्या जागीच असतो. आणि अदृष्ट हे इतरांसारखे निखळ साधारणही नाही. काल सर्वांचा एक, पण प्रत्येक जीवाचे अदृष्ट त्याचे त्याचे. ब्रह्मसूत्रांत ईश्वरावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, यांचा जो आरोप येतो त्याचे निवारण जीवांच्या कर्मावर बोट ठेवूनच केले आहे. तेव्हा कर्म हे विषमतेचे कारण म्हणून, भेदक कारण म्हणून, पुढे केले जाते यात शंका नाही. माझ्या प्रतिपादनातली ही फट मी बुजवू शकत नाही. पण एक गोष्ट तरीही शिल्लक राहते. या कारणाचा व्यतिरेक कोणाच्याही हाती नाही. इंजिन बंद करून पाहता येते, एरियल उपसून पाहता येते. एखाद्याचे पूर्वकर्म काढून ठेवून त्याचे दुःख थांबते का, हे कोणी पाहिलेले नाही. ज्याचा पुरावा रुजू करता येत नाही, त्याच्या जोरावर दुसऱ्यावर आरोप ठेवण्याचा अधिकार कोणत्या न्यायाने मिळतो? मनुष्याने स्वतःच्या दुःखाला स्वतःचे कर्म म्हणावे, आणि त्यातून त्याला धीर किंवा सुधारणेची बुद्धी मिळत असेल तर ती घ्यावी. दुसऱ्याच्या अंगणात जाऊन त्याच्या दुःखाला त्याचे कर्म म्हणणे ही निराळी कृती आहे, आणि तिला क्रौर्य म्हणण्यास मी कचरणार नाही. टिळकांनी गीतारहस्यात कर्मविपाकाची चर्चा आत्मस्वातंत्र्याच्या चर्चेशी एकाच प्रकरणात बांधून ठेवली आहे. त्या ग्रंथाचे हिंदी भाषांतर करणारे माधवराव सप्रे आमच्या शेजारच्या रायपूरचे रहिवासी, घराणे मराठी आणि लेखणी हिंदी; त्यामुळे हा ग्रंथ या मुलखातल्या दोन्ही भाषांच्या घरांत पोहोचला, तरी त्यातला कर्मविपाक तेवढा लोकांनी उचलला आणि आत्मस्वातंत्र्य पानांतच राहू दिले, असे मला येथल्या दोन्ही भाषांच्या बैठकांतून ऐकून वाटते.

मग साधारण कारणाकडे जाण्याची वाट मुळीच नाही काय? न्यायशास्त्रात अनुमानाचा शेषवत् नावाचा एक प्रकार आहे, आणि वात्स्यायनांनी त्याचा एक अर्थ परिशेष असा करून उदाहरण दिले आहे ते, योगायोगाने, शब्दाचेच: शब्द हे द्रव्य नव्हे, कर्मही नव्हे, तेव्हा जे उरले ते, म्हणजे गुण. संभाव्य ते सारे एकेक करून काढावे आणि उरेल त्याच्यापुढे थांबावे. विसाव्या शतकात या रीतीने आकाश दोनदा उघडले. कार्ल जान्स्की हा अमेरिकेतील होल्मडेल गावी काम करणारा तरुण अभियंता समुद्रापलीकडच्या बिनतारी टेलिफोनातल्या खरखरीचा तपास करण्यास नेमलेला होता. जवळची वादळे त्याने वेगळी केली, दूरची वादळे वेगळी केली, आणि तरीही एक मंद, सलग फुसफुस उरली. ती प्रथम सूर्याची वाटली. पण ती रोज सुमारे चार मिनिटे लवकर येई, म्हणजे सूर्याचे घड्याळ न पाळता नक्षत्रांचे पाळी. आणि १९३३ साली त्याने प्रसिद्ध केले की ती आकाशगंगेकडून, धनु राशीच्या दिशेने येते. पुढे १९६४ साली त्याच होल्मडेल गावी पेंझियस आणि विल्सन यांनी आपल्या शिंगाच्या आकाराच्या एरियलमधून कबुतरे हाकलली, त्यांची विष्ठा धुऊन काढली, सांधे पट्ट्यांनी झाकले, आणि तरीही सर्व दिशांनी सारखीच येणारी एक खरखर राहिली, ती विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेची. म्हणजे जे खरोखर सर्वत्र सारखे आहे त्याची गाठ पडली, पण कबुतरांची विष्ठा स्वतःच्या हातांनी धुतल्यावर. आजही हे व्रत सुटलेले नाही. अमेरिकेतील ग्रीन बँक येथल्या दुर्बिणीजवळ डिझेलच्याच गाड्या नेतात, कारण डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. आणि आपल्या नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या करण्यास जागा निवडली, त्या निवडीत मनुष्यनिर्मित खरखर तेथे कमी, हा मोठा विचार होता.

ही हकीकत मी नानांना सांगितली, ती कदाचित सांगावयास नको होती. मिस्त्रीच्या कामानंतर त्यांच्या रेडिओत नागपूरच्या मागे जी थोडीशी फुसफुस उरली होती, ती आकाशगंगेची असल्याचे त्यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळच्या फिरण्याच्या मंडळींत जाहीर केले, आणि अनाहत नादाचाही त्यात उल्लेख केला. शेवटी मला त्यांना सांगावे लागले, की मध्यम लहरीवर आकाशगंगा ऐकू येत नाही. वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरापाशी त्या लहरी वरच्या वर अडतात, आणि उरलेली फुसफुस ही काही दूरवरच्या विजांची, काही शहरातल्या यंत्रांची आणि काही खुद्द संचाची असते. एफएमच्या कंपनसंख्येवर, दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी, गावापासून पुष्कळ लांब गेल्यास आकाशगंगेचा अंश खरोखर सापडू शकेल. नानांनी विचारले, किती लांब? मी म्हटले, राजनांदगावच्याही पलीकडे, आणि तेथे गेल्यावर आधी इंजिन बंद करा.